गुरूचा चार्ज

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. आमच्या जमातीविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक टिंगलीचे आहे, आणि त्यातले पुष्कळसे खरेही आहे. तथापि आमच्या या धुळकट पेशात एक चाल अशी आहे की तिच्यापुढे भल्या भल्या तेजस्वी पेशांनी मान लववावी. माणूस बदलीवर जावो, बढतीवर जावो, निवृत्त होवो की राजीनामा देवो, चार्ज दिल्यावाचून त्याला खुर्चीवरून उठता येत नाही. कोणती प्रकरणे निकालात निघाली, कोणती कोठे अडली, कोणत्या पत्राला कोणत्या तारखेच्या आत उत्तर गेले पाहिजे, कपाटाच्या किल्ल्या किती आणि त्यांतली कोणती लागत नाही, या सर्वांची यादी होते. देणारा सही करतो, घेणारा सही करतो, आणि मगच गृहस्थ मोकळा होतो. ज्या फायलीकडे सात वर्षांत कोणी ढुंकून पाहिलेले नाही तिचीही एवढी काळजी वाहिली जाते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतणीच्या महाविद्यालयातील बास्केटबॉलचे प्रशिक्षक एके संध्याकाळी नेहमीप्रमाणे कोर्टावर आले, मुलींचा सराव त्यांनी नेहमीप्रमाणे घेतला, जाताना ‘उद्या अर्धा तास लवकर या’ असे बजावून गेले, आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतर ते आलेच नाहीत. चार दिवसांनी मोबाईलवरच्या एका संदेशातून मुलींना कळले की सर दक्षिणेकडील एका शहरात, खासगी लीगमधल्या एका संघाचे सहायक प्रशिक्षक झाले आहेत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना तेव्हा अठरा दिवस उरले होते. मुली बारा होत्या. फायली असत्या तर त्यांचा चार्ज झाला असता.

महाविद्यालयाचे नाव मी घेत नाही. त्या गृहस्थांचेही घेत नाही. एका माणसावर राग काढण्यासाठी या मासिकाची पाने अडविण्याचा मला अधिकार नाही, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे माझा सगळा राग त्यांच्यावर नाहीही. परंतु या प्रकरणात गेले काय, हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर ‘एका खेळाच्या मास्तरासाठी एवढा आकांत कशाला?’ असे कोणीतरी विचारील.

केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना जी वाट ठेवलेली आहे, तिच्यावर पाऊल ठेवण्याचा एक परवाना असा की उमेदवाराने आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेले असावे. अशी प्रमाणपत्रे माझ्या टेबलावरून गेलेली आहेत, म्हणून त्यांची किंमत मला कळते. विद्यापीठाच्या संघासाठी निवड होते ती महाविद्यालयांचे आपापसांतले सामने पाहून. पुतणीचे ते शेवटचे वर्ष होते. माझ्या थोरल्या बंधूंचे दुकान बेताचे आहे. मुलीच्या नोकरीविषयी त्यांनी जो काही भरवसा बाळगला होता तो या एका कागदावर. खेळताना हात खाली ठेवायला ती विसरते. हा तिचा दोष तिच्या सरांना पुरता ठाऊक होता आणि दर पाच मिनिटांनी ते कोर्टाबाहेरून त्याबद्दल ओरडत असत. सामन्याच्या दिवशी बाहेर उभे राहायला महाविद्यालयाने इतिहासाचे एक सज्जन प्राध्यापक धाडले होते. त्यांनी शेवटपर्यंत सर्वांना सारखेच ‘शाबास’ म्हटले. पुतणी पाच फाऊल होऊन शेवटची बारा मिनिटे बाकावर बसली, संघ पहिल्याच सामन्यात गारद झाला, आणि निवड करणाऱ्यांच्या यादीत तिचे नाव आले नाही. सर असते तर आलेच असते, असे मी म्हणत नाही. सर असते तर तिला कळले असते की आपण कमी पडलो. आता तिला ते कधीच कळणार नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला काशी म्हटली की घाट, वेदपाठशाळा आणि तबला आठवतो. बास्केटबॉल आठवत नाही. वस्तुतः हा खेळ आमच्या शहरात आता चांगला मुरला आहे. दिव्या, प्रशांती, आकांक्षा आणि प्रतिमा या सिंग घराण्यातील चार सख्ख्या बहिणी भारताकडून खेळल्या त्या याच शहरातून पुढे येऊन. प्रशांतींना २०१७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०१९ साली पद्मश्री मिळाली. भारतीय पुरुष संघाचे कर्णधारपद भूषविलेले आणि २०२० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी विशेष भृगुवंशी हेही बनारसचेच. उदयप्रताप महाविद्यालयाच्या मैदानाचे नाव तर या खेळाशी जोडूनच घेतले जाते. शिवपूर-भोजूबीरकडून येणाऱ्या मुली खांद्याला चेंडूची जाळी अडकवून रिक्षात बसलेल्या दिसतात आणि कोणी वळून पाहत नाही; शहरात खेळ मुरल्याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही. ही माणसे आभाळातून पडलेली नाहीत. माघातल्या धुक्यात पहाटे साडेपाचला शिट्टी गळ्यात अडकवून कोणीतरी त्यांच्यासाठी उभा राहिला होता. असा उभा राहणारा माणूस कोठून येतो आणि कोठे जातो, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

तिळगुळाच्या निमित्ताने आमची मंडळी दुर्गाघाटाच्या बाजूला एका घरी जमली असता हा विषय निघाला, आणि क्षणार्धात दोन तट पडले. एका वयोवृद्ध संस्कृत अध्यापकांनी निकाल देऊन टाकला, “गुरू विकला गेला. पूर्वी असे होत नव्हते.” त्यांच्या समोर बसलेले एक तरुण बँक अधिकारी म्हणाले, “अहो काका, यात विकले जाणे कसले? त्यांना चौपट पगार मिळाला, ते गेले. उद्या तुमच्या पुतण्याला मिळाला तर तो जाणार नाही का? बाजार आहे हा!” दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी हलव्याचे दाणे मोजत गप्प बसलो. त्या दोघांना द्यावयाचे उत्तर आज येथे देतो.

प्रथम अध्यापक महाशयांना. गुरू हा शब्द आपण फार उंचावरून वापरतो. बनारसमध्ये त्याची गत काय आहे हे येथे राहणाऱ्यांना सांगावयास नको. येथे पानवाला गिऱ्हाइकाला ‘का गुरू’ म्हणतो आणि गिऱ्हाईक त्याला ‘हां गुरू’ म्हणते, आणि दोघांपैकी कोणीही कोणाला काही शिकविलेले नसते. पण तेही असो. पूर्वीचा गुरू वाऱ्यावर जगून शिष्य घडवीत असे, ही समजूत इतिहासाला धरून नाही. मल्लविद्येचेच उदाहरण घ्या, कारण त्या विद्येचा आमच्या काशीशी आणि आमच्या मराठी मंडळींशी जुना संबंध आहे. मल्लखांबाचे प्रवर्तक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला होते. पुढे त्यांची परंपरा काशीत रुजली. कोंडभटनाना गोडबोल्यांचा आखाडा ही त्याच परंपरेची येथली शाखा. म्हणजे या विद्येच्या मुळाशी पेशव्यांचा खजिना होता, आणि १८१८ मध्ये राज्य गेल्यानंतर ब्रह्मावर्तास बसलेल्या त्याच पेशव्यांना कंपनी सरकार सालिना आठ लाख रुपये पेन्शन देत होते. मल्लाला लागणारे दूध-तूप कोणीतरी पुरवीत होते, एवढाच याचा अर्थ. त्या मल्लाच्या निष्ठेला मी कमी लेखत नाही. ती निष्ठा रिकाम्या पोटी उभी नव्हती, इतकेच माझे म्हणणे आहे.

आणि हे काही पेशवाईपुरते नव्हे. शिवाजी पार्कावर रमाकांत आचरेकरांनी सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे असे एकाहून एक खेळाडू घडविले. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री मिळाली, आणि २०१९ च्या जानेवारीत ते गेले तेव्हा साऱ्या मुंबईने डोळे पुसले. त्यांच्या मैदाननिष्ठेची वर्णने आपण पुष्कळ वाचली. परंतु ते स्टेट बँकेत नोकरीला होते, ही गोष्ट त्या वर्णनांत सहसा ओझरती येते आणि निघून जाते. माझ्यासारख्या पगारी माणसाच्या डोळ्यांत मात्र तीच भरते. महिन्याच्या महिन्याला पगार येत होता, म्हणून संध्याकाळ मैदानाला देता येत होती. बँकांनी, रेल्वेने आणि पोस्टाने या देशातल्या खेळावर जे उपकार केले आहेत त्यांचा हिशेब कोणी मांडलेला नाही. ज्यांना गुरूच्या त्यागावर व्याख्यान द्यावयाचे असेल त्यांनी त्यापूर्वी त्या गुरूची पगारपत्रके एकदा पाहावीत.

आता आमच्या महाविद्यालयातील सरांचे पगारपत्रक पाहू. ते नव्हतेच. पतियाळाला १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका त्यांच्याजवळ होती. महाविद्यालयाकडून त्यांना मानधन मिळे, आणि ते माझ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी होते. तेही वर्षातून दहा महिने. आणि त्या दहांपैकी निदान तीन महिन्यांचे पुढच्या आर्थिक वर्षात. यात महाविद्यालयाने काही नियमबाह्य केले असे नाही, आणि हेच अधिक वाईट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत शारीरिक शिक्षण संचालकाला अध्यापकाच्या बरोबरीने स्थान आहे, वेतनश्रेणी आहे, बढतीचे टप्पे आहेत. एकेका खेळाच्या प्रशिक्षकासाठी तशी श्रेणी त्यात नाही. तो कोठेतरी ‘इतर खर्च’ या सदरात बसतो, चेंडू आणि चुना यांच्या शेजारी. राज्य सरकारच्या क्रीडा खात्याकडे अंशकालिक प्रशिक्षक असतात, त्यांची कथाही निराळी नाही. २०२० साली टाळेबंदी आली तेव्हा उत्तर प्रदेशातील अशा प्रशिक्षकांचे मानधन थांबले, आणि त्यांतल्या काहींनी पोटासाठी भलभलती कामे धरल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. दुसऱ्या बाजूला आमच्या सिगऱ्याचे डॉ. संपूर्णानंद क्रीडासंकुल नव्याने उभारले गेले. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याचे उद्घाटन झाले. वास्तू देखणी आहे, यात शंका नाही. मी रविवारी मुद्दाम जाऊन पाहून आलो. तेथे फरशी पुसणाराचीही हजेरी मांडतात, हे पाहून बरे वाटले आणि आमच्या सरांची आठवण झाली.

तेव्हा अध्यापक महाशय, गुरू विकला गेला हे म्हणणे टिकत नाही. विकली जाण्यासाठी वस्तू आधी कोणाच्या तरी मालकीची असावी लागते. यांना कोणी आपले म्हणून धरलेच नव्हते.

आता तरुण मित्रांकडे वळतो. त्यांचा बाजार त्यांनी नीट पाहिलेला नाही, अशी माझी तक्रार आहे. या विषयातला सर्वांत मोठा बाजार अमेरिकेत आहे आणि खेळही तेथलाच आहे. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी तो शोधून काढला. १८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. मौज अशी की जिंकल्याहून हरल्याचे सामने ज्याच्या नावावर अधिक आहेत असा त्या विद्यापीठाच्या इतिहासातला एकमेव प्रशिक्षक हा खेळाचा जनकच आहे. त्यांना कोणी काढून टाकले नाही. १९३७ पर्यंत ते तेथे प्राध्यापक होते. आज त्या देशातील अनेक राज्यांत सार्वजनिक सेवेतला सर्वांत मोठा पगार राज्यपालाचा नसून विद्यापीठाच्या फुटबॉल वा बास्केटबॉल प्रशिक्षकाचा असतो. एवढा पगार असूनही व्यावसायिक लीगची हाक आली की त्यांच्यातले कित्येक उठून जातात. जॉन कॅलिपारी १९९६ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून न्यू जर्सीच्या संघाकडे गेले; रिक पिटिनो १९९७ मध्ये केंटकीहून बॉस्टनला; ब्रॅड स्टीव्हन्स २०१३ मध्ये बटलर या लहानशा विद्यापीठातून त्याच बॉस्टनला; जॉन बायलाइन २०१९ मध्ये मिशिगनहून क्लीव्हलँडला. बायलाइन तेथे एक हंगामही पुरा टिकले नाहीत. पिटिनो २००१ च्या जानेवारीत परत फिरले. फ्लोरिडाचे बिली डोनोव्हन २००७ मध्ये ऑर्लँडोच्या संघाशी करार करून बसले, थोड्याच दिवसांत त्यांना पश्चात्ताप झाला, आणि ते आपल्या विद्यापीठात परत आले. आठ वर्षांनी मात्र गेलेच. उलट २०२४ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचे डॅन हर्ली यांनी लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाला नकार दिला. सहा वर्षांचे सात कोटी डॉलर त्यांच्यापुढे ठेवले होते असे वृत्त होते. त्याच लेकर्सना २००४ मध्ये ड्यूक विद्यापीठाचे शशेवस्की यांनीही नाही म्हटले होते. त्या दोघांना सद्गुणाचे पुतळे समजण्याचे कारण नाही. राहण्यासाठीही त्यांना भरपूर मिळत होते. आमच्या सरांना कोणी तसा पर्याय दिला असता तर ते काय म्हणाले असते, हे पाहावयास मला आवडले असते.

या यादीतील गेलेल्यांच्या तारखा पाहाव्यात, अशी माझी तरुण मित्रांना विनंती आहे. महाविद्यालयीन हंगाम तेथे नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या आरंभी संपतो. कॅलिपारी जूनमध्ये गेले, पिटिनो मेमध्ये, स्टीव्हन्स जुलैमध्ये, बायलाइन मेमध्ये. इतका निर्ढावलेला बाजार, पण दोन हंगामांमधली फट गाठून निघण्याची रीत तोही पाळतो. शिवाय करारातच लिहिलेले असते की मुदतीपूर्वी गेल्यास विद्यापीठाला अमुक रक्कम भरून द्यावी लागेल, आणि ती बहुधा नेणाराच भरतो. ती रक्कम कोणाला शिकवीत नाही हे खरे. पण जाण्याला काही किंमत आहे एवढे तरी ती मान्य करते. आमच्याकडे बाजाराचा फक्त जाण्याचा दरवाजा आला, त्याचा दरवान आला नाही.

त्या बाजाराची एक काळी बाजूही येथे नोंदविली पाहिजे, कारण ती आमच्या बारा मुलींना लागू पडते. प्रशिक्षक निघून गेला आणि त्याच्या पाठोपाठ विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्यापीठात जावेसे वाटले, तर तेथे बास्केटबॉलच्या खेळाडूला सामान्यतः एक वर्ष सामन्यांपासून दूर बसावे लागत असे. २०२१ च्या एप्रिलमध्ये तो नियम सैल झाला. म्हणजे कित्येक दशके गुरूला जायला एक रात्र पुरत होती आणि शिष्याला एक वर्ष लागत होते. तेथील लोकांना हे शेवटी खटकले, त्यांनी ते बदलले. आपल्याकडे विद्यार्थ्याने हंगामाच्या मध्यावर महाविद्यालय बदलावे ही कल्पनाही कोणाच्या मनात येत नाही. ज्या मुलीच्या नावाचा अर्ज जुलैत गेला, ती पुढच्या जुलैपर्यंत त्याच कोर्टाला बांधलेली.

हे सारे पाहिल्यावर मी या निर्णयाला आलो आहे की आमच्या प्रकरणात दोषाचे तीन हिस्से करावे लागतील. दोन हिस्से महाविद्यालयाचे आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या नियमांचे. ज्याला पदच दिलेले नाही त्याच्याकडून पदाचा चार्ज मागावा कसा? चार्ज देण्यासाठी घेणारा लागतो. घेणारा येण्यासाठी जागा रिकामी झाली असे कोठेतरी लिहिले जावे लागते. आमच्या सरांची जागा कागदावर कधी भरलेली नव्हती, म्हणून ती रिकामीही झाली नाही. प्राचार्यांना विचारावयास गेलेल्या पालकांना खरोखरच असे उत्तर मिळाले, की प्रशिक्षकाचे पद मंजूर नसल्यामुळे ते रिक्त असल्याचे म्हणता येत नाही. या वाक्यात व्याकरणाची वा नियमाची चूक शोधण्याचा मी कारकून या नात्याने पुष्कळ प्रयत्न केला. सापडली नाही.

तिसरा हिस्सा मात्र सरांचा आहे आणि तो मी सोडणार नाही. पद नसेल, पण मुली होत्या. कोणाचा घोटा दुखावलेला आहे, कोणाला घरून संध्याकाळी सातनंतर थांबू देत नाहीत, कोण हात खाली ठेवायला विसरते, हे त्यांना ठाऊक होते आणि दुसऱ्या कोणालाही नव्हते. हे ज्ञान महाविद्यालयाने विकत घेतलेले नव्हते, हे मान्य. पण ते मुलींच्या चार वर्षांच्या घामातून गोळा झाले होते. एका वहीची चार पाने लिहून ठेवायला किती वेळ लागला असता? लीगवाल्यांनी तिकीट धाडले होते असे म्हणतात. रेल्वेत बसून लिहिता आले असते. मानधन तीन महिने थकले, हा अन्याय खरा. पण ते थकविणारे कार्यालयात बसले होते, कोर्टावर नव्हते. ज्याने अन्याय केला त्याला सोडून ज्याच्यावर हात पोचतो त्याला फटका बसू द्यावयाचा, ही आपल्या देशातली जुनी सवय आहे. आमच्या कार्यालयाच्या खिडकीशी रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारा.

‘मग काय, त्यांनी जन्मभर येथेच कुजावे?’ असा प्रश्न तरुण मित्र विचारतील. मुळीच नाही. उलट त्यांनी जावे, शिकावे आणि परत यावे, अशी सोय का नसावी, हे मला कळत नाही. आमच्या सेवेत प्रतिनियुक्ती नावाची गोष्ट आहे. माणूस दुसऱ्या संस्थेकडे ठरावीक मुदतीसाठी जातो, घेणारी संस्था त्याचा पगार देते, त्याच्या रजेचा आणि पेन्शनचा हिस्साही मूळ कार्यालयाकडे भरते, आणि मुदत संपताच तो आपल्या खुर्चीवर परत येतो. लिएन नावाची दुसरी गोष्ट आहे. दुसऱ्या सरकारी पदावर निवड होऊन गेलेल्याचा मूळ पदावरचा हक्क काही काळ, साधारणतः दोन वर्षे, राखला जातो. आपल्याकडच्या लीगचे हंगाम दोन-तीन महिन्यांचे असतात. तेवढ्यासाठी माणसाला राजीनामा द्यावयास लावणे हा निव्वळ अडाणीपणा आहे. दोन्हीकडची कामे सांभाळता येतात, याचे मराठी उदाहरण तर अगदी ताजे आहे. चंद्रकांत पंडित यांनी विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन वेळा रणजी करंडक मिळवून दिला, २०२२ मध्ये मध्य प्रदेशाला मिळवून दिला, आणि त्याच वर्षी ते आयपीएलमधील कोलकात्याच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले; २०२४ मध्ये तो संघ विजेता ठरला. मध्य प्रदेशाचे काम त्यांनी दरम्यान टाकून दिले नव्हते. रणजीचे महिने निराळे, आयपीएलचे निराळे. क्रिकेटला पैसा आहे म्हणून तेथे हे जमते, असे कोणी म्हणेल. कॅलेंडर पाहायला पैसा लागत नाही.

आणि या लीग तरी कोणत्या अमरपट्टा घेऊन आलेल्या आहेत? २०१५ साली आपल्याकडे यूबीए नावाची बास्केटबॉल लीग मोठ्या गाजावाजाने निघाली. तीत ‘पुणे पेशवाज’ नावाचा संघही होता. २०१७ नंतर तिचे सामने झाले नाहीत. खऱ्या पेशव्यांना शंभर वर्षे तरी मिळाली होती. उद्या आमच्या सरांची लीग बंद पडली तर ते परत येतील, आणि येथे त्यांची वाट पाहणारी खुर्ची नसेल, कारण ती पूर्वीही नव्हती. तेव्हा त्यांना हसणारे पहिले कोण असतील हे मी आजच सांगू शकतो. आज जे त्यांना ‘विकले गेले’ म्हणतात तेच.

हे सर्व लिहून झाल्यावर माझ्या मनात आले की नुसती टीका करण्यापेक्षा आपल्याला जे येते ते करावे. म्हणून एका रविवारी पुतणीला आणि तिच्या मैत्रिणींना समोर बसवून मी सरांच्या वतीने चार्जाची यादी केली. चेंडू नऊ, पैकी हवा धरणारे पाच. जाळी एक, ती पश्चिमेकडच्या रिंगला, पूर्वेकडची नाही. शिट्टी सोबत गेली. खेळाडू बारा. मग प्रत्येकीच्या नावापुढे तिने स्वतः आणि इतरांनी मिळून सांगितलेले शेरे: डावा घोटा, पट्टी बांधल्याशिवाय खेळवू नये, डाव्या हाताने चेंडू सोडीत नाही, सोडायला लावावे, घर लांब, सव्वासहाला सोडावे, रागावल्यास दोन दिवस येत नाही, रागावू नये, उंचीचा संकोच आहे, वाकून चालते. पुतणीने स्वतःपुढे ‘हात’ एवढा एकच शब्द लिहावयास सांगितला. तिचे नाव आता यादीत असण्याचे कारण नव्हते, तिचे वर्ष संपले होते. पण चार्जाच्या यादीत निकालात निघालेली प्रकरणेही दाखवावी लागतात, म्हणून मी ते ठेवले.

यादी दोन प्रतींत टंकून घेतली. खाली डावीकडे ‘चार्ज देणार’ आणि उजवीकडे ‘चार्ज घेणार’ असे लिहून सह्यांसाठी जागा कोरी ठेवली, आणि प्राचार्यांच्या नावे पत्र जोडून महाविद्यालयाच्या कार्यालयात नेऊन दिली. तेथल्या कारकुनाने ती उलटसुलट पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि एक शब्द न बोलता दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून दिला. व्यवसायबंधू होता, त्याला समजले असावे. या गोष्टीला आज सात आठवडे झाले. उत्तर आलेले नाही. सोमवारी स्मरणपत्र क्रमांक एक पाठवीत आहे.